क्लृप्ती आणि विनोद : ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील विज्ञानकथा (१९५३–१९९३)

१

कथानकातील 'क्लृप्ती' हा शब्द आपल्या समीक्षेत बहुधा दोषवाचक अर्थानेच येतो. अचानक जुळून आलेला योगायोग, ऐनवेळी सापडलेले पत्र, संकटाच्या क्षणी कोठून तरी उगवलेला साहाय्यकर्ता या सर्वांची नोंद समीक्षक लेखकाच्या खात्यात नावे टाकतो. या सवयीचे मूळ ॲरिस्टॉटलपर्यंत जाते. नाटकाची उकल कथानकातूनच व्हावी, रंगमंचावरील यारीने खाली उतरवलेल्या साधनातून होऊ नये, असे त्याने 'काव्यशास्त्रा'त सांगितले आणि युरिपिडीझच्या 'मीडिया'चा दाखला दिला. मात्र त्याच ग्रंथात, अशक्य पण संभाव्य वाटणारी घटना ही शक्य पण असंभाव्य वाटणाऱ्या घटनेपेक्षा अधिक ग्राह्य, असाही निर्वाळा आहे. म्हणजे ॲरिस्टॉटलचा आक्षेप अशक्यतेला नसून तयारीच्या अभावाला आहे. भरताची भूमिका आणखी उदार दिसते. निर्वहणसंधीत अद्भुत रसाची योजना करावी असे नाट्यशास्त्र सांगते. शेवटी प्रेक्षक विस्मित व्हावा, ही तेथे अपेक्षाच आहे.

विनोदाविषयीच्या भारतीय विचारात या प्रश्नाला एक अनपेक्षित दुवा सापडतो. भरताने हास्याचा संबंध विकृत वेष, आकार आणि वाणी यांच्याशी जोडला. अभिनवगुप्ताने त्यापुढे जाऊन असे दाखवले की अनौचित्य हेच हास्याचे व्यापक कारण होय, आणि कोणताही रस अनौचित्याने प्रवृत्त झाला की त्याचा आभास हास्याकडे वळतो. हे मान्य केले तर एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. बेतलेली क्लृप्ती हे कथानकातील अनौचित्य होय. अनौचित्य हीच हास्याची भूमी असेल, तर जेथे कथानक लंगडे पडते तेथेच विनोद उगवण्याची शक्यताही निर्माण होते. कथानकाचा दोष आणि विनोदाचे भांडवल ही एकाच द्रव्याची दोन रूपे ठरतात.

हा संबंध प्रत्यक्ष वाङ्मयेतिहासात कसा घडत गेला, हे पाहण्यासाठी ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील विज्ञानकथेइतके सोयीचे क्षेत्र क्वचितच सापडेल. अपुरा पैसा, ठरीव मिनिटांचा भाग, दर आठवड्याला गाठावयाची वेळ आणि अनेक लेखकांचे हात यांमुळे येथे क्लृप्ती टाळता येत नाही. आणि विषय विश्वव्यापी असल्यामुळे ती झाकताही येत नाही. या मालिकांतील विनोद हा गंभीर आशयावर शिंपडलेला मसाला आहे, असे सामान्यतः मानले जाते. प्रस्तुत लेखाचे म्हणणे वेगळे आहे. या परंपरेतील उत्तम संहितांमध्ये विनोद हा क्लृप्तीची पूर्वतयारी करतो, ॲरिस्टॉटलला हवी असलेली संभाव्यता तिला मिळवून देतो. आणि जेथे तो हे काम सोडून केवळ सारवासारव करू लागतो, तेथे कथेतील भय आणि नैतिक गांभीर्य दोन्ही लयाला जातात.

२

या इतिहासाचा आरंभ विनोदापासून झालेला नाही. १९५३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये बीबीसीने नायजेल नील यांची 'द क्वाटरमास एक्सपेरिमेंट' ही सहा भागांची मालिका लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून थेट प्रसारित केली. दिग्दर्शक होते रुडॉल्फ कार्टिए. अंतराळातून परतलेल्या तिघांपैकी एकच प्रवासी जिवंत सापडतो. त्याच्या देहात इतर दोघे सामावले गेले आहेत आणि तो हळूहळू वनस्पतिसदृश राक्षसी रूप धारण करतो. त्याचा शेवट वेस्टमिन्स्टर ॲबीत होतो. क्वाटरमास हा शास्त्रज्ञ त्या राक्षसात उरलेल्या तीन माणसांना आवाहन करतो आणि ते आतून प्रतिकार करून त्याचा, पर्यायाने स्वतःचा, नाश करतात.

ही उकल निव्वळ क्लृप्ती आहे. तिला आधार देणारी कोणतीही शास्त्रीय तरतूद आधीच्या भागांत नाही. तो राक्षस म्हणजे ॲबीच्या मोठ्या केलेल्या छायाचित्राला पाडलेल्या भोकांतून बाहेर काढलेले, पानाफांद्या चिकटवलेल्या हातमोज्यांतील खुद्द नील यांचे हात होते. तरीही ती प्रेक्षकांवर परिणाम करून गेली, यामागे दोन कारणे दिसतात. एक म्हणजे त्या वास्तूचे ताजे पावित्र्य. २ जून १९५३ रोजी राणी एलिझाबेथ यांचा राज्याभिषेक त्याच ॲबीतून घरोघरी दिसला होता. दुसरे कारण माध्यमाच्या स्वरूपात आहे. थेट प्रसारण एकदाच पाहावयाचे असते. मागे जाऊन तपासण्याची सोय प्रेक्षकाला नव्हती आणि संस्थेलाही तिची फिकीर नव्हती. सहापैकी केवळ पहिले दोन भाग आज उपलब्ध आहेत. विस्मरण हा त्या काळी क्लृप्तीचा सर्वांत मोठा आश्रयदाता होता.

गांभीर्याची हीच वाट १९६१ च्या 'ए फॉर अँड्रोमेडा' या मालिकेने अधिक शास्त्रीय पायावर पुढे नेली. तिचे सहलेखक होते केंब्रिजचे खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल. अँड्रोमेडा दीर्घिकेच्या दिशेकडून आलेल्या रेडिओ संदेशात एक यंत्र बांधण्याच्या सूचना आहेत, आणि ते यंत्र पुढे सजीव घडवू लागते, अशी तिची कल्पना. मराठी वाचकाला हॉईल हे नाव परके नाही. जयंत नारळीकर हे त्यांचे विद्यार्थी व सहकारी. विज्ञानकथेतील कल्पित विज्ञानाच्या ज्ञात चौकटीशी इमान राखणारे असावे, हा नारळीकरांनी मराठीत आवर्जून मांडलेला आग्रह हॉईल यांच्या कथालेखनाशी नाते सांगणारा आहे. या मार्गाने क्लृप्तीला शास्त्रीय कारण मिळते. पण दूरचित्रवाणीच्या कारखान्यात दर आठवड्याला हॉईल मिळत नाहीत. आणि शास्त्रीय शक्यता म्हणजे कथात्म संभाव्यता नव्हे, हा पेच शिल्लक राहतोच.

गांभीर्याची भिंत किती पातळ होती, हे रेडिओने लगेच दाखवून दिले. नील यांची तिसरी मालिका 'क्वाटरमास अँड द पिट' १९५८ च्या डिसेंबरात सुरू होऊन १९५९ च्या जानेवारीत संपली. फेब्रुवारीत 'द गून शो' या विनोदी कार्यक्रमात स्पाइक मिलिगन यांनी तिचे विडंबन सादर केले. भयाचा आविर्भाव, शास्त्रज्ञाची घाई, जमिनीतून निघणारे गूढ सारे तेच, फक्त औचित्याचा टेकू काढून घेतलेला. अभिनवगुप्ताच्या सिद्धान्ताला याहून नेटका पुरावा शोधणे कठीण. पुढील पिढीच्या लेखकांना ब्रिटिश रेडिओवरील हा विनोद घरच्या भाषेसारखा अवगत होता, हे पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवले पाहिजे.

३

२३ नोव्हेंबर १९६३ रोजी, अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी, बीबीसीवर 'डॉक्टर हू' सुरू झाले. कल्पनेला चालना देणारे नाट्यविभागप्रमुख सिडनी न्यूमन हे मूळचे कॅनडाचे, निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट, आणि पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन हे लखनौत जन्मलेले. ब्रिटिश संस्थेच्या प्रस्थापित वर्तुळाबाहेरून आलेल्या या मंडळींनी शनिवार संध्याकाळच्या पंचवीस मिनिटांत एक असे कथायंत्र बसवले की ज्याचा प्रत्येक भाग गरजेतून निघालेली क्लृप्ती होता.

नायकाचे 'टार्डिस' नावाचे यान काळात आणि अवकाशात कोठेही जाते, पण त्याचे सुकाणू नायकाच्या हाती नाही. त्यामुळे दर कथेला नवे स्थळ मिळते आणि परत जाण्याचा मार्ग बंद राहतो. ते परिसराप्रमाणे रूप पालटू शकते, पण त्याची ती शक्ती बिघडली आहे. त्यामुळे प्रत्येक वेळी नवे यान उभारण्याचा खर्च वाचतो आणि लंडनच्या रस्त्यांवर तेव्हा सर्रास दिसणारी पोलिसांची निळी टेलिफोन-पेटी कायमची पुरते. येथे क्लृप्ती आणि विनोद एकाच ठिकाणी जन्माला आलेले दिसतात. विश्वातील सर्वांत प्रगत यंत्र नादुरुस्त आहे, आणि लपण्यासाठी घेतलेले त्याचे रूप लपण्याला सर्वस्वी निरुपयोगी आहे, हा विनोद कोणी संवादात लिहिलेला नाही. तो परिस्थितीतच आहे. काळाने त्याला आणखी एक पदर जोडला. तशा पेट्या रस्त्यांवरून नाहीशा होत गेल्या आणि ते रूप लोकांना मालिकेमुळेच ठाऊक राहिले. त्या आकृतीवरील व्यापारचिन्हाच्या हक्काचा लंडन पोलिसांशी झालेला वाद २००२ मध्ये बीबीसीच्या बाजूने निकाली निघाला.

याहून धाडसी क्लृप्ती १९६६ मधली. विल्यम हार्टनेल यांची प्रकृती ढासळली, मालिका तर चालू ठेवावयाची होती. 'द टेन्थ प्लॅनेट' या कथेच्या शेवटी डॉक्टरचा देहच पालटतो आणि पॅट्रिक ट्राउटन त्यांची जागा घेतात. 'पुनर्निर्मिती' या अर्थाचे तिचे आज रूढ असलेले नाव मालिकेत १९७४ मध्ये आले. सुरुवातीला नुसते स्थित्यंतर होते, स्पष्टीकरण नव्हते. अशी उघड तडजोड प्रेक्षकांच्या गळी कशी उतरावी? 'द पॉवर ऑफ द डॅलेक्स' या पुढच्याच कथेत त्याचे उत्तर मिळते. नवा डॉक्टर गबाळा, बासरीसारखे वाद्य फुंकत सरळ प्रश्नांना बगल देणारा आहे. चॅप्लिनच्या भटक्याची आठवण व्हावी, अशी न्यूमन यांचीच सूचना होती. त्याचे सोबती बेन आणि पॉली त्याच्यावर संशय घेतात, म्हणजे प्रेक्षकाच्या मनातील आक्षेप पात्रांच्या तोंडी येतो. शेवटी त्याची ओळख निःशंकपणे पटते ती शत्रूला, एका डॅलेकला. विनोदाने येथे वेळ काढून घेतला आणि त्या उसन्या वेळात विश्वास रुजू दिला.

पुढे हाच संकेत बनला. टॉम बेकर यांच्या पहिल्या कथेत (१९७४-७५) नवा डॉक्टर एकामागून एक विचित्र पोशाख घालून पाहतो. कधी व्हायकिंग, कधी पत्त्यांतला राजा, कधी विदूषक. विकृत वेषातून हास्य, हे भरताचे सूत्र येथे निव्वळ करमणूक करीत नाही. एकाच व्यक्तीने अनेक रूपे घेणे या अविश्वसनीय गोष्टीचा ते हसत-खेळत सराव करून घेते. प्रेक्षक जेव्हा हसतो तेव्हा त्याने क्लृप्तीला मूक संमती दिलेली असते.

४

सत्तरीच्या दशकात प्रेक्षक बदलला. रसिकांची संघटना १९७६ मध्ये स्थापन झाली. आणि त्याच वर्षी प्रसारित झालेल्या रॉबर्ट होम्स यांच्या 'द डेडली असॅसिन' या कथेवर, तिने आधीच्या कथांतील तपशिलांशी विसंगती निर्माण केली, म्हणून या वर्तुळातून कडक टीका झाली. विस्मरणाचा आश्रय संपू लागल्याची ही खूण होती. त्याच कथेत होम्स यांनी एका खलपात्राला जगण्याची घाई असावी म्हणून, असे पुनर्जन्म बाराच वेळा होतात, हा नियम सहज घालून दिला. तो पुढे मालिकेच्या मानगुटीवर बसला आणि २०१३ मध्ये दुसऱ्या क्लृप्तीने त्याची सोडवणूक करावी लागली. १९८३ मध्ये 'डॉक्टर हू'ची पहिली कथा चित्रफितीवर विक्रीस आली, तेव्हा कथानकाची उलटतपासणी घरबसल्या शक्य झाली. क्लृप्तीचा इतिहास हा अशा रीतीने प्रेक्षकाच्या स्मरणसाधनांचाही इतिहास आहे.

या बदलाला सर्वांत बुद्धिमान उत्तर दिले ते डग्लस ॲडम्स यांनी. त्यांची 'द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी' ही श्राव्यमालिका मार्च १९७८ मध्ये रेडिओवर आली आणि १९८१ मध्ये तिचे सहा भागांचे दूरचित्रवाणी-रूप झाले. तिचे दोन नायक अंतराळाच्या पोकळीत फेकले जातात. त्यांची सुटका होणे जवळजवळ अशक्य. ॲडम्स यांनी सांगितले आहे की, प्रतिस्पर्ध्याचे वजन त्याच्याच विरुद्ध वापरावयाचे, या ज्यूदोच्या तत्त्वावरून त्यांना मार्ग सुचला. असंभाव्यता हीच अडचण असेल, तर असंभाव्यतेवर चालणारे यान आणावे. येथे विनोद क्लृप्तीच्या आधी वा नंतर येत नाही. क्लृप्ती हाच विनोद आहे. ॲरिस्टॉटलने ज्याला हरकत घेतली ती यारी ॲडम्स यांनी रंगमंचाच्या मधोमध आणून ठेवली आणि तिची माहिती पुस्तिका वाचून दाखवली.

पण आत्मनिर्देशी विनोदाचा हा प्रकार चटकन थकतो. एकदा सारेच शक्य झाले की कशाचीच किंमत उरत नाही. म्हणून माझ्या मते ॲडम्स यांची खरी कसोटी 'डॉक्टर हू'च्या चौकटीत, 'सिटी ऑफ डेथ' (१९७९) या चार भागांच्या कथेत लागली. डेव्हिड फिशर यांच्या मूळ कल्पनेवरून ॲडम्स आणि निर्माते ग्रॅहम विल्यम्स यांनी ती अत्यंत घाईत नव्याने लिहिली व 'डेव्हिड ॲग्न्यू' या संस्थेच्या राखीव टोपणनावाने ती प्रसारित झाली. प्रतिस्पर्धी वाहिनीवर तेव्हा संप चालू असल्याने शेवटच्या भागाला १ कोटी ६० लाखांहून अधिक प्रेक्षक लाभले.

कथानक असे. आदिम पृथ्वीवर स्कॅरॉथ नामक परग्रहवासीयाचे यान स्फोट पावते. त्या स्फोटातूनच पृथ्वीवरील जीवसृष्टीचा आरंभ होतो, आणि स्कॅरॉथचे तुकडे मानवी इतिहासाच्या निरनिराळ्या कालखंडांत विखुरतात. मागे जाऊन तो स्फोट टाळावा, या त्याच्या प्रयोगाला पैसा हवा. म्हणून सोळाव्या शतकातील त्याचे रूप लिओनार्दोकडून आणखी सहा 'मोनालिसा' रंगवून घेते आणि विसाव्या शतकातील रूप पॅरिसच्या लूव्रमधील चित्र चोरते. चोरी जगजाहीर झाली की सात धनिकांना सात अस्सल चित्रे विकता येतील. याच्या मागावर आहे डग्गन नावाचा इंग्रज गुप्तहेर. प्रत्येक प्रश्नावर त्याच्याकडे एकच उत्तर असते, ठोसा. दारे, बाटल्या, माणसे, जे समोर येईल ते तो फोडतो आणि डॉक्टर दरवेळी वैतागतो. चार भागांत हा विनोद इतक्यांदा येतो की प्रेक्षक त्याला पात्राची ओळख म्हणून स्वीकारतो. शेवटी आदिम पृथ्वीवर, वाद घालून काहीच साधत नाही अशा क्षणी, डग्गन स्कॅरॉथला ठोसा मारतो आणि मानवजात वाचते.

सारांशाने पाहता ही उकल हास्यास्पद वाटेल. पण तिची बांधणी पाहिली की ती निर्दोष असल्याचे जाणवते. नाट्यशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर, बीज पहिल्या प्रवेशापासून पेरलेले होते. फक्त ते विनोदाच्या मातीत पेरल्यामुळे कोणाला ते बीज वाटले नाही. पुनरुक्ती हे विनोदाचे जुने साधन, आणि पूर्वसूचना ही कथानकाची गरज. येथे एकाच कृतीने दोन्ही कामे केली. याला मी 'बीजरूप विनोद' म्हणेन. अद्भुताने विस्मित झालेला प्रेक्षक त्याच क्षणी हसतोही, आणि हसताना त्याला उकलीची अपरिहार्यता पटते.

याच कथेत अस्सलपणाचा प्रश्नही गुंफलेला आहे. डॉक्टर लिओनार्दोच्या कोऱ्या फलकांवर आधुनिक लेखणीने, हे चित्र बनावट असल्याचे लिहून ठेवतो. अखेरच्या आगीत बाकीची चित्रे जळून जे एक उरते, त्याच्या रंगाखाली नेमका तोच मजकूर आहे. चित्र लिओनार्दोचेच, तरी यंत्राच्या डोळ्याला ते खोटे. जॉन क्लीज आणि एलिनॉर ब्रॉन यांनी साकारलेले दोन रसिक तर चित्रदालनात उभ्या असलेल्या टार्डिसलाच कलाकृती समजून तिची मीमांसा करतात, आणि ती डोळ्यांदेखत अदृश्य झाल्यावर अधिकच भारावतात. आपल्यासारख्या समीक्षकांना उद्देशून मारलेला हा टोला वरवरचा नाही. घाईत बेतलेल्या, टोपणनावाने छापलेल्या संहितेने अस्सलतेविषयी विचारलेला तो प्रश्न आहे.

५

याच हंगामात विनोदाचे दुसरे रूपही दिसते. 'द हॉर्न्स ऑफ नायमन' (१९७९-८०) ही मिनोटॉरच्या ग्रीक कथेवर बेतलेली कथा घ्या. तेथे कथानकाची ढिलाई लक्षात येताच पात्रे थट्टा करू लागतात. खलपात्राच्या मृत्यूच्या प्रसंगी नटाचे हसूही तसेच प्रसारित झाले. हा विनोद क्लृप्तीनंतर येतो आणि प्रेक्षकाला सुचवतो की, एवढे मनावर घेऊ नका. हा 'सारवासारवीचा विनोद'. त्याने भय मारले जाते, कारण जे पात्रांनाच खरे वाटत नाही ते प्रेक्षकाला का वाटावे?

या विरुद्ध प्रतिक्रिया उमटणे स्वाभाविक होते. १९८० मध्ये निर्माते म्हणून आलेले जॉन नेथन-टर्नर आणि संहिता-संपादक ख्रिस्तोफर बिडमीड यांनी थट्टेला आळा घालून विज्ञानाला अधिक जागा देण्याचे ठरवले. कुलुपापासून कोठडीपर्यंत सारे काही उघडणारा डॉक्टरचा ध्वनिचालित पेचकस ही आयती सुटका आहे, असा आक्षेप घेऊन १९८२ च्या 'द व्हिजिटेशन' या कथेत त्याचा नाश करण्यात आला. निदान अंशतः बरोबर होते; उपचार मात्र चुकीच्या अवयवावर झाला. पेचकस गेला तरी पंचवीस मिनिटांच्या भागाची गरज गेली नाही. क्लृप्त्या तशाच राहिल्या, फक्त आता त्यांच्या अंगावर वस्त्र उरले नाही.

याचा सर्वांत करुण पुरावा म्हणजे १९८६ ची 'द ट्रायल ऑफ अ टाइम लॉर्ड' ही चौदा भागांची मालिका. तिचा शेवट लिहिण्याचे काम रॉबर्ट होम्स यांच्याकडे होते. मे १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले. संहिता-संपादक एरिक सावर्ड यांनी अखेरचा भाग लिहिला, पण निर्मात्याशी मतभेद होऊन तो मागे घेतला. तेव्हा पिप आणि जेन बेकर या दांपत्याला, आधी योजलेला शेवट काय होता हे न कळता, नवा शेवट लिहून द्यावा लागला. परिणामी पारिभाषिक शब्दांच्या भडिमारात गुंतागुंत कशीबशी मिटते आणि डॉक्टरची सोबतीण पेरी, जिचा भयंकर अंत प्रेक्षकांनी आधी पाहिला होता, ती मुळी मेलीच नव्हती, पुराव्यात फेरफार झाला होता, असे सांगितले जाते. येथे कोणी हसत नाही. पण एका मृत्यूचे सारे वजन एका वाक्याने काढून घेतले जाते. बेकर दांपत्याला दोष देणे अन्यायाचे होईल. प्रश्न रीतीचा आहे. सारवासारवीचा विनोद जसा गांभीर्य नष्ट करतो, तशीच पूर्वतयारी नसलेली गंभीर क्लृप्तीही ते नष्ट करते. तेव्हा खरी विभागणी विनोदी आणि गंभीर अशी नसून, क्लृप्तीची किंमत कोणी तरी मोजली आहे की नाही, अशी आहे.

६

ही किंमत किती जबर असू शकते, हे होम्स यांनीच दुसऱ्या एका मालिकेत दाखवले होते. टेरी नेशन यांची 'ब्लेक्स सेव्हन' जानेवारी १९७८ ते डिसेंबर १९८१ या काळात बावन्न भागांत प्रसारित झाली. जुलमी सत्तेविरुद्ध लढणाऱ्या फरारी कैद्यांची ही कथा. थंड बुद्धीचा एव्हॉन आणि भित्रा, आळशी, मिस्कील चोर व्हिला यांची चकमक हा तिच्यातील विनोदाचा कायमचा झरा. एव्हॉनने तुच्छतेने बोलावे, व्हिलाने कुरकुरत टोमणा मारावा. प्रेक्षकांनी चार हंगाम याला हसून दाद दिली.

'ऑर्बिट' (१९८१) या भागात हे दोघेच एका लहान यानात आहेत. यानाला पुरेसा वेग मिळत नाही, वजन कमी केले पाहिजे. हाती लागेल ते सारे बाहेर टाकूनही सत्तर किलो जास्तच भरते. ओरॅक हा सर्वज्ञ संगणक निर्विकारपणे कळवतो की व्हिलाचे वजन त्र्याहत्तर किलो आहे. एव्हॉन शस्त्र घेऊन, हळुवार आवाजात हाका मारीत, त्याला शोधू लागतो. आणि व्हिला एका कोपऱ्यात दडून रडतो. पुढे उलगडा होतो की शत्रूने यानात न्यूट्रॉन ताऱ्याच्या द्रव्याचा एक सूक्ष्म कण ठेवला होता. तो सापडतो, बाहेर ढकलला जातो आणि दोघे वाचतात. पदार्थविज्ञानाच्या कोणत्याही विद्यार्थ्याला ही क्लृप्ती पटणार नाही. पण तिच्यामुळे चार हंगामांच्या विनोदाचे देणे एका प्रवेशात वसूल होते. ज्या तुच्छतेला आपण हसत होतो तिचा शेवट कोठे होऊ शकतो, हे आपल्याला दिसते. येथे प्रेक्षकही निर्दोष राहत नाही. त्याचे हसणेच त्या बीजाला पाणी घालीत आले होते. बीजरूप विनोदाचे फळ नेहमी गोडच असते असे नाही.

फेब्रुवारी १९८८ मध्ये सुरू झालेली रॉब ग्रँट आणि डग नेलर यांची 'रेड ड्वार्फ' ही या सर्व परंपरेची वारसदार. तीस लाख वर्षे गोठवलेल्या अवस्थेत काढून जागा झालेला अखेरचा माणूस लिस्टर. सोबतीला मेलेल्या वरिष्ठाची, रिमरची, प्रकाशाकृती. मांजरांपासून उत्क्रांत झालेला एक नटवा जीव. आणि पुढे क्रायटन नावाचा यंत्रमानव. अंतराळ म्हणजे येथे न आवडणाऱ्या माणसांबरोबर वाटून घेतलेली खोली. दुसऱ्या हंगामाच्या अखेरीस लिस्टर गर्भवती असल्याचे उघड झाले होते. १९८९ मधील तिसऱ्या हंगामाच्या आरंभी हा पेच व पात्रांतील सारे फेरबदल पडद्यावर सरकणाऱ्या मजकुरात सांगून टाकले. पण तो मजकूर इतक्या वेगाने सरकतो की तो वाचण्यासाठी चित्रफीत थांबवावी लागते. १९५३ मध्ये प्रेक्षकाच्या विस्मरणावर विसंबलेली क्लृप्ती आता त्याच्या घरातील यंत्राशी संगनमत करते.

मात्र या मालिकेचा उत्कर्ष अशा चतुराईत नाही. 'बॅक टू रिॲलिटी' (१९९२) या भागात चौघांना सांगितले जाते की त्यांचे आजवरचे आयुष्य हा एक खेळ होता आणि तो त्यांनी वाईट खेळला. 'ते सारे स्वप्न होते', ही कथाकारांच्या भात्यातील सर्वांत बदनाम क्लृप्ती. येथे ती उलट वापरली आहे, कारण ते 'वास्तव'च एका समुद्रजीवाच्या विषाने घडवलेला भ्रम आहे. या भ्रमात प्रत्येकाचा आधार नेमका हिरावला जातो. गरिबीचा सच्चेपणा मिरवणारा लिस्टर क्रूर राजवटीचा धनाढ्य हस्तक ठरतो. आपल्या अपयशाला इतरांना जबाबदार धरणाऱ्या रिमरची सबब नाहीशी होते. छानछोकीवर जगणारे मांजर बावळट ठरते. अहिंसक क्रायटनच्या हातून माणूस मरतो. पाच हंगामांत ज्या ज्या स्वभाववैशिष्ट्याला प्रेक्षक हसले, तेच येथे आत्महत्येचे कारण होऊ पाहते. शेवटची सुटका संगणकाच्या हाकेने होते, ती यारीने उतरलेलीच आहे; पण तोवर कथेने आपले काम केलेले असते.

७

या चार दशकांच्या आढाव्यातून विनोद आणि क्लृप्ती यांचे तीन संबंध हाती लागतात. विनोद क्लृप्तीच्या आधी येऊन तिचे बीज पेरतो. किंवा क्लृप्तीशी एकरूप होऊन तिची जाहीर कबुली देतो. किंवा तिच्यानंतर येऊन तिच्यावर पांघरूण घालतो. पहिल्यात कथानक समृद्ध होते, दुसऱ्यात काही काळ चमकते, तिसऱ्यात विरते. विनोदाचे प्रमाण किती, हा प्रश्न त्यामुळे गौण ठरतो. तो कोणत्या जागी आला, हे पाहिले पाहिजे.

या निष्कर्षाचा आपल्या विज्ञानकथेच्या विचाराशीही संबंध आहे. मराठीत या प्रकाराची चर्चा मुख्यतः शास्त्रीय शक्यतेच्या निकषावर होत आली. हा निकष हॉईल-नारळीकर परंपरेचे योग्य मूल्यमापन करतो. परंतु 'ऑर्बिट'मधील न्यूट्रॉनकणाचे अपयश दाखवून तो थांबेल, आणि त्या कोपऱ्यात दडून रडणाऱ्या विदूषकाविषयी त्याला काहीच बोलता येणार नाही. शक्यता ही विज्ञानाची बाब आहे, संभाव्यता ही रचनेची. विनोद ही संभाव्यता घडवण्याची एक पुरातन आणि कष्टसाध्य रीत आहे, हे भरत-अभिनवगुप्तांच्या वारसांनी तरी विसरता कामा नये. विज्ञानकथेतील विनोदाला गांभीर्याचा शत्रू मानण्याआधी, त्याने कथेत काय पेरले होते आणि त्याचे पीक कोणाच्या वाट्याला आले, एवढे तपासून पाहणे हे समीक्षकाचे किमान कर्तव्य ठरते.